शेतातून फोन लावला की समोरच्याला टर्रर्र ऐकू जाते, उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की जळगावात घरी फोन स्वच्छ चालतो, पण रावेरकडच्या केळीच्या बागेतून लावला की समोरच्याला तुमच्या बोलण्याखाली सारखी टर्रर्र ऐकू जाते. फोन बटणांचा टू-जी, कानात वायरचा हेडफोन, आणि महिन्यापूर्वी माइक बदललेला. त्या माइकपाशी मी परत येतो.

चोपड्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ही तक्रार माझ्याकडे बहुतेक वेळा अहिराणीत येते: "भाऊ, मना फोन गुरगुरस." आणि सोबत टॉवरला चार शिव्या. पण ही टर्रर्र टॉवरवरून येत नाही, ती तुमच्याच फोनच्या अँटेनातून निघून तुमच्याच माइकमध्ये शिरते.

टू-जीचा फोन सलग लहरी सोडत नाही. पांझरेकाठी फड बागायतीत पाण्याची पाळी असते ना, तसं एका चॅनेलवर आठ फोनांच्या पाळ्या लागतात. एक फेरी 4.615 मिलिसेकंदांची, त्यात तुमची पाळी 0.577 मिलिसेकंद, मग गप्प. म्हणजे सेकंदाला साधारण 217 झटके. 900 मेगाहर्ट्झची लहर कानाला ऐकू येत नाही, पण माइकची वायर ती पकडते आणि अॅम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर डायोडसारखा वागून तिचं चालू-बंद होणं तेवढं आवाज म्हणून पुढे ढकलतो. पूर्वी घंटी वाजायच्या आधी शेजारचा रेडिओ टिकटिकायचा, तो हाच प्रकार. हा आवाज नुसता 217 वर राहत नाही, त्याच्या दुप्पट-तिप्पट पटी थेट माणसाच्या आवाजात मिसळतात. म्हणून नंतर गाळून तो नीट निघत नाही, आत शिरण्याआधीच अडवावा लागतो.

मग घरी का नाही? टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. लांबच्या शिवारात, त्यात पाण्याने भरलेली केळीची पानं मध्ये, तो 900 च्या पट्ट्यात 2 वॅटपर्यंत जोर लावतो. बांधावर मोकळ्यात या, निम्मं काम तिथेच होईल.

आता हेडफोन काढून बोलून बघा. टर्रर्र गेली तर वायरच अँटेना झाली होती. वायरभोवती लहरी अडवणारी चांगली जाळी असलेला हेडफोन घ्या किंवा फोनजवळच्या टोकाला फेराइटचा (लहरी शोषणारा काळा) मणी लावून वायरचे दोन-तीन वेढे त्यातून काढा. फरक पडतो, चमत्कार होत नाही.

हेडफोनशिवायही राहिली तर संशय त्या माइकवर. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गिऱ्हाइकाचा माइक बदलला, फोन बंद केला, आणि संध्याकाळी टेबलावर पत्र्याचं छोटं झाकण सापडलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गुरगुरणारा फोन घेऊन दारात हजर. ते झाकण म्हणजे शील्ड, ती नसली की अॅम्प्लिफायर उघडा पडतो. शिवाय माइकच्या पायांशी 33 आणि 10 पिकोफॅरडचे बारीक कपॅसिटर असतात, पहिला 900 ची आणि दुसरा टू-जीच्या दुसऱ्या पट्ट्याची, म्हणजे 1800 ची लहर ग्राउंडला उतरवतो. स्वस्त माइकमध्ये ते नसतात, किंवा सोल्डरिंगच्या गरमीत उडतात. दुरुस्तीवाल्याला नेमकं एवढंच विचारा: शील्ड बसवली का, कपॅसिटर आहेत का, माइकचं ग्राउंड पक्कं आहे का.

टर्रर्र फक्त चार्जिंग लावल्यावरच येत असेल तर गोष्ट वेगळी, चार्जर बदला. आणि आवाज तुटत असेल तर तो नुसता कमी सिग्नल, त्याला फेराइट काय करणार!

रेडिएशन अडवणारे स्टिकर घेऊ नका. ते खरंच लहर अडवत असतील तर फोन आणखी जोर लावेल. ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टरही नको, परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे आणि शेजारच्या शेतकऱ्यांचे कॉल बिघडतात ते वेगळंच.

पैसे घालायचेच असतील तर व्होल्टीचा, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल लावणारा बटणांचा फोन घ्या. फोर-जीवर अशा 217 च्या पाळ्या नसतात, त्यामुळे ही टर्रर्रही नाही. फक्त घेण्याआधी कुणाचा तरी फोर-जी फोन बागेत नेऊन एक कॉल लावून बघा. कॉल चालू असताना वरचं चिन्ह टू-जीवर घसरत असेल तर त्या कंपनीचं सिम तिथे उपयोगाचं नाही.