हापूसची कोय परसात लावली तर हापूसच धरेल का? किती वर्षं लागतील?

झाड येईल, हापूस येणार नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून झालेला. बाप कोण, ते वारा-माश्यांना ठाऊक. म्हणून कोकणात रोपाच्या आंब्याला सरसकट रायवळ म्हणतात. काही जातींच्या कोयीतून एकापेक्षा जास्त कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईसारखे निघतात, पण हापूस त्यातला नाही. फणसाच्या आठळीचंही तसंच, कापा निघेल की बरका ते झाड धरल्यावरच कळतं.

तरी लावाच. फक्त कोय वाळवून ठेवू नका. मी पहिल्या वर्षी बाठे धुऊन महिनाभर खिडकीत ठेवले, एकही रुजला नाही. आंब्याची बी वाळली की मेली. आता आंबा खाल्ला की दोन-चार दिवसांत बाठा विळीवर कडेने हलकेच उघडतो आणि आतली बी तेवढी काढून लावतो. उघडण्याचा आणखी एक फायदा: गेल्या वर्षी वरून झकास दिसणाऱ्या एका बाठ्यात बीचा भुगा आणि एक काळपट सोंड्या भुंगा बसलेला होता. तो बाठा मातीत घातला असता तर पावसाळाभर वाट बघत बसलो असतो.

दोन-तीन आठवड्यांत तांबूस, लुसलुशीत पानांचा कोंब येतो. खरी संधी तेव्हाच. कोवळ्या कोंबाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, हापूसच्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. हेच कोयकलम. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते चांगलं जमतं. माझी पहिली पाच कलमं गेली, सहावं लागलं. पट्टी सैल राहून आत पाणी जात होतं, एवढंच कारण.

कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरतं. नुसत्या रोपाला सात-आठ तरी लागतात, कधी जास्तच, शिवाय ते झाड फार उंच जातं. परस लहान असेल तर हा विचार आधी करा. आमच्याकडचं जुनं रायवळ मात्र मी तोडणार नाही. आंबे लहान, धागेदार, पण रायत्याला हापूस काय कामाचा?