चालू राउटरवर बदल तपासायचे आहेत?

प्रश्न : दुसऱ्या गावातल्या सिस्को राउटरवर एसएसएचने (दुरून सुरक्षित जोडणी करून) शिरून नवी अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणती ये-जा चालेल याचे नियम) आणि दोन स्टॅटिक रूट (हाताने ठरवलेले मार्ग) तपासायचे आहेत. नाही जमलं तर ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’ दिलं की मूळ सेटिंग परत येतात ना?

उत्तर : नाही येत. ही आज्ञा जतन केलेलं जुनं कॉन्फिग (सेटिंगची फाइल, म्हणजे स्टार्टअप) चालू कॉन्फिगमध्ये (रनिंग) मिसळते, त्याच्या जागी बसवत नाही. इंटरफेसचा आयपी पत्ता बदलला असेल तर तो पूर्ववत होईल, कारण तिथे एकच मुख्य पत्ता राहतो. पण नवे रूट आणि अ‍ॅक्सेस लिस्टच्या वाढवलेल्या ओळी तशाच राहतील. त्या काढा असं जुन्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

खरी अदलाबदल ‘कॉन्फिगर रिप्लेस’ करते. काम सुरू करण्याआधी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग फ्लॅश:जुनं.सीएफजी’ अशी प्रत राउटरच्या साठवणीत (फ्लॅश) घ्या. परतताना ‘कॉन्फिगर रिप्लेस फ्लॅश:जुनं.सीएफजी’ द्या. राउटर दोन्ही कॉन्फिग ताडून फक्त फरकाच्या ओळी घालतो किंवा काढतो, रीबूट लागत नाही. फाइल मात्र पूर्ण हवी. चार ओळींचा तुकडा दिलात तर बाकीचं सगळं पुसलं जाईल.

आता खरी भीती : अ‍ॅक्सेस लिस्ट लावताच तुमचंच एसएसएच बंद पडलं, तर आज्ञा देणार कुठून? म्हणून बदलांआधी ‘रिलोड इन 10’ द्या. दहा मिनिटांत ‘रिलोड कॅन्सल’ दिलं नाही तर राउटर रीबूट होऊन स्टार्टअप कॉन्फिगवर येतो. अर्थात स्टार्टअपमध्ये आजवरचं सगळं काम जतन आहे ना, हे आधी बघा. रिलोड देताना ‘सेव्ह?’ असं विचारलं, तर राउटरवर न जतन केलेलं काहीतरी आहे. ते काय, हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि मध्येच सवयीने ‘राइट मेमरी’ (चालू कॉन्फिग स्टार्टअपमध्ये जतन करणारी आज्ञा) मारू नका. बोटं आपोआप तिकडे जातात, आणि मग रीबूटनंतरही तीच चुकीची लिस्ट समोर येते.

रीबूटचा खंड परवडत नसेल तर ‘आर्काइव्ह’मध्ये पाथ (प्रती ठेवायची जागा) ठरवून ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर 5’ने आत शिरा. पाच मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ आलं नाही तर राउटर स्वतःच मागे फिरतो. आमची पसंती यालाच, पण आयओएस (सिस्को राउटरची प्रणाली) फार जुनं असेल तर ही सोय नसते.

प्रश्न : मायक्रोटिकच्या राउटरवर असं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि सोपं आहे. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबलं की सेफ मोड सुरू होतो. सगळं ठीक वाटलं की पुन्हा कंट्रोल-एक्स दाबा, बदल कायम होतात. मध्येच जोडणी तुटली तर ते आपोआप उलटतात, पण लगेच नाही. जोडणीची (टीसीपी) मुदत संपायला सुमारे 9 मिनिटं लागतात, तेवढं थांबा. राउटरच्या बदलांच्या इतिहासात सुमारे 100 कृतीच मावतात. त्यापुढे गेलात तर सेफ मोड सुटतो आणि काहीच उलटत नाही, म्हणून मोठं काम तुकड्यांत करा.