वाचकांचे प्रश्न : ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा काय सांगतो?

चाक घसरू न देणारी ट्रॅक्शन कंट्रोल आणि गाडी वळणावर सरळ ठेवणारी स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, या दोन यंत्रणांवर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : चाळीसगावहून औट्रम घाट चढत होतो, पाऊस चालू होता. एका वळणावर अॅक्सिलरेटर दाबला तर गाडीने ओढच घेतली नाही. पुढून घर्र असा आवाज आला आणि मीटरमधला गाडीखाली नागमोडी रेघा असलेला पिवळा दिवा तीन-चार वेळा लुकलुकला. वर आल्यावर सगळं ठीक. इंजिनात बिघाड आहे का?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : बिघाड नाही. हा दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, आणि लागून राहिला तर ती बंद पडलीय किंवा कुणीतरी बंद केलीय. एवढा फरक घरात जो कोणी गाडी चालवतो त्या प्रत्येकाला माहीत हवा.

तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असावी. इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागची नुसती रस्त्याबरोबर फिरतात. चारही चाकांजवळ वेग मोजणारे सेन्सर असतात. पुढचं एखादं चाक मागच्यांपेक्षा अचानक जोरात फिरू लागलं की संगणकाला कळतं, हे चाक जागेवर फिरतंय. तो लगेच त्या एकट्या चाकाला ब्रेक लावतो आणि जोडीला इंजिनाची ताकद कमी करतो. ओढ न मिळणं आणि घर्र आवाज, दोन्ही त्याचेच. तो आवाज एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, पंपाचा असतो.

ईएससी याच्या पुढे जाते. स्टिअरिंग किती फिरवलंय हे एक सेन्सर सांगतो आणि गाडी खरोखर किती वळतेय हे दुसरा. सेकंदाला साधारण २५ वेळा या दोन्हींची तुलना चालते. गाडी वळायचं सोडून सरळ निघाली तर वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो आणि नाक आत ओढलं जातं. शेपूट बाहेर जाऊ लागली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला लागतो. असा एकाच चाकाचा ब्रेक माणसाच्या पायाने लावताच येत नाही, म्हणून ही यंत्रणा इतकी मोलाची आहे.

पण हिच्या हातात फक्त ब्रेक आणि इंजिन आहे. पकड टायरची असते, ती यंत्रणा वाढवू शकत नाही. ५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण धरा. कोरड्या चांगल्या डांबरावर गाडी तिथे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धरून राहते. तेच वळण ओलं असेल तर पकड निम्म्यावर येते आणि मर्यादा ५० वर. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातला चिखल डांबरावर आणलेला असतो, वर दव पडतं. तिथे ३५ लासुद्धा गाडी सुटते. दिवा लुकलुकला याचा अर्थ तुम्ही त्या हद्दीवर पोहोचला होता. अशा वेळी पाय अलगद उचला, स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडेच धरा, झटका देऊ नका. आणि घाटात ट्रॅक्शन कंट्रोल बंद करणारं बटण कधीही दाबू नका.

प्रश्न : येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात गेलो. परतताना पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या कडेला गाडी रुतली. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन आवाजच वाढवेना. शेजारच्याने एक बटण दाबलं आणि गाडी निघाली. मग हे बटण कायमचं बंद ठेवावं का?
— एक वाचक, औसा

उत्तर : कायमचं मुळीच नाही. रुतलेली गाडी काढण्यापुरतं बंद करायचं, निघाली की लगेच चालू.

इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल नेहमी सोप्या बाजूला झुकतो. एक चाक चिखलात आणि एक घट्ट जमिनीवर असेल, तर चिखलातलं फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं थांबून राहतं. इथे ट्रॅक्शन कंट्रोल कामाची आहे. ती फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, म्हणून ताकद दुसरीकडे जाते. पण दोन्ही चाकं काळ्या मातीत असतील तर यंत्रणेला दोन्ही घसरताना दिसतात. ती इंजिनच आवरते आणि गाडी मेल्यासारखी होते. तुमचं तेच झालं.

काळी माती वाळूसारखी नसते. ती टायरच्या खाचांत भरते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. म्हणून रुतल्यावर पहिली चूक होते ती रेस देत राहण्याची. चाक खाली जातं, गाडीचं पोट टेकतं, आणि मग कुठल्याच बटणाचा उपयोग उरत नाही.

आधी यंत्रणा चालू ठेवूनच, स्टिअरिंग सरळ करून, दुसऱ्या गिअरमध्ये हळू प्रयत्न करा. एकच चाक फिरत असेल तर तेवढ्यावर निघेल. नाही निघाली तर खाली उतरून खोऱ्याने किंवा खुरप्याने खाचांतली माती काढा. चाकाच्या पुढे हातभर लांबीचा उतार कोरा आणि त्यात तुराट्या, पऱ्हाट्या किंवा जुनं पोतं घट्ट दाबून बसवा. कडबा नको, तो ओला झाला की सुळसुळीत होतो. हे सगळं ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्यांच्यासाठी करायचं. बहुतेक गाड्यांत पुढची, बोलेरोसारख्यांत मागची. त्यानंतर बटण. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जाते आणि ३ ते ५ सेकंद धरून ठेवलं की ईएससीही जाते. नक्की काय ते गाडीच्या पुस्तकात असतं. काही लहान गाड्यांना बटणच नसतं. गाडी हलली की अर्ध्यात थांबू नका, घट्ट जमिनीपर्यंत एका दमात न्या.

तरी निघत नसेल तर इंजिनाच्या चाकांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि भार वाटला जातो. त्याखाली जाऊ नका, टायर रिममधून सुटू शकतो. आणि हवा भरल्याशिवाय डांबरावर वेग घेऊ नका. ढकलणाऱ्यांनी फिरत्या चाकाच्या रेषेत उभं राहू नये, पोत्यात दगड अडकला तर तो गोळीसारखा येतो.

ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर साखळी फक्त गाडीच्या टो हूकला. टूलकिटमधला हूक बंपरमधल्या भोकात शेवटच्या आट्यापर्यंत बसवायचा. साखळी चाकाजवळच्या दांड्याला बांधली की सेन्सरची वायर तुटलीच समजा, आणि पुढच्या पत्रातला प्रश्न तुमचाही होतो.

जमिनीला वापसा आलेला नसेल तर गाडी बांधाबाहेर ठेवून चालत जाणं सगळ्यात सोपं.

प्रश्न : शेतरस्त्याने पऱ्हाट्या पडलेल्या होत्या, तिथून आल्यापासून एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्ही दिवे लागून आहेत. गॅरेजवाले म्हणतात एबीएसचं मॉड्यूल गेलं, बदलावं लागेल. खर्च मोठा आहे. तोपर्यंत गाडी चालवावी का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : फक्त पिवळे दिवे असतील तर साधे ब्रेक लागतात. मात्र जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात, म्हणून अंतर वाढवून सावकाश चालवा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी हलवू नका. ब्रेक ऑइल कमी झालंय किंवा पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी गेलीय.

मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा संगणक, ही शेवटची शंका असायला हवी. कापसाची पळाटी वाकून चाकामागे जाते आणि वायर ओरबाडते, हे तुमच्या भागात जास्त शक्य आहे. तपासणी या क्रमाने करून घ्या.

आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. व्होल्टेज पडलं की ही यंत्रणा स्वतःला बंद करते. मग कोणाला तरी पेडल दाबायला लावून मागचे ब्रेक लाइट पाहा. पेडलवरचा स्विच खराब असला तरी मीटरमधले हे पिवळे दिवे लागतात, आणि तो स्वस्तातला भाग आहे.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, पण एबीएसचं मॉड्यूल वाचणारा. ऑनलाइन मिळणारी स्वस्त ब्लूटूथ डबी बहुधा फक्त इंजिनाचे कोड दाखवते आणि मग ‘काही नाही’ असं उत्तर मिळतं. सर्वसाधारण कोडमध्ये सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. कोडवर थांबू नका. स्कॅनर लावून, गाडी दुसऱ्याला चालवायला देऊन, ताशी २० ने सरळ जा आणि चारही चाकांचे वेग पाहा. तीन २० दाखवत असतील आणि एक शून्यावर किंवा उड्या मारत असेल तर बिघाड त्या चाकापाशी आहे.

आता ते चाक उघडा. वायर क्लिपमधून निसटलीय का, कुठे सोललीय का, कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज आहे का, हे पाहा. उंदराने कुरतडलेली वायरही सापडते. सेन्सरच्या टोकाला लोखंडी चूर आणि चिखल चिकटलेला असतो, तो कापड आणि ब्रेक क्लीनरने पुसा. गंजून बसलेला सेन्सर हातोडीने ठोकला की फुटतो. गंज सोडवणारं तेल मारून थांबा आणि हलवत काढा. तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळणं चालत नाही, कारण ती स्टिअरिंगबरोबर सतत वाकते आणि पाणी आत जातं. डाग देऊन (सोल्डर करून) वर गरम करून आकसणारी नळी चढवा, नाहीतर वायरीसकट सेन्सर बदला.

मल्टिमीटरबद्दल एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या गुंडाळीच्या सेन्सरचा रोध साधारण ८०० ते २,००० ओहम येतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत अॅक्टिव्ह, म्हणजे वीज घेऊन चालणारे, सेन्सर असतात. त्यांचा रोध मोजून काही कळत नाही, उलट सेन्सर खराब होऊ शकतो.

अलीकडे व्हील बेअरिंग बदललं असेल तर ते जरूर सांगा. अनेक बेअरिंगांच्या एका तोंडावर चुंबकीय कडं असतं आणि ते सेन्सरकडेच हवं. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसतात, उलटं बसलं की वेग शून्य. बसवण्याआधी कागदाची बारीक पिन दोन्ही तोंडांना लावून पाहावी, जिकडे चिकटते ती सेन्सरची बाजू. चुंबकाऐवजी दात असलेलं कडं असेल आणि ते तडकलं असेल तर लक्षण वेगळं असतं. गाडी थांबता थांबता, ताशी ५-१० वर, कारण नसताना पेडल पायाखाली थरथरतं.

एवढं सगळं ठीक निघालं, मॉड्यूलला वीज आणि अर्थिंग बरोबर मिळतंय, आणि तरीही स्कॅनरशी ते बोलत नाही, तेव्हा मॉड्यूलचा खर्च. गॅरेजला सरळ विचारा, ‘चारही चाकांचे आकडे दाखवा.’

प्रश्न : व्हील अलाइनमेंट केल्यापासून ईएससीचा दिवा येतो आणि सरळ रस्त्यावरही मध्येच ब्रेक लागल्यासारखं वाटतं.
— एक वाचक, परभणी

उत्तर : स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा शून्य चुकलाय. गाडी सरळ चाललीय आणि संगणकाला वाटतं तुम्ही वळवताय. अलाइनमेंटवाल्याकडे परत जा आणि स्कॅनरवरून ‘स्टिअरिंग अँगल कॅलिब्रेशन’ करायला सांगा. सपाट जागा, चाकं सरळ, चारही टायरची हवा बरोबर, तेव्हाच करायचं. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की शून्य आपोआप बसतो. लहान आकाराची स्टेपनी लावली असेल तर तिच्यामुळेही दिवा येऊ शकतो, कारण ते चाक जास्त फेऱ्या मारतं.

प्रश्न : समृद्धीवरून नेहमी जाणं आहे. ईएससी असलेली गाडी घेतलीय, मग पावसात १२० ने चालवायला हरकत नाही ना?
— एक वाचक, जालना

उत्तर : हरकत आहे. १२० ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, पावसातला सल्ला नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की त्याचा रस्त्याशी संबंध सुटतो, आणि ज्या चाकाला रस्ताच नाही त्याला ब्रेक लावून यंत्रणा काय करणार? खाचा पाणी बाहेर टाकतात. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर खाच असते, कायद्याने किमान १.६. पावसाळ्याआधी ३ च्या खाली असतील तर बदला, १.६ ची वाट पाहू नका. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. हवा कमी असेल तर टायर आणखी लवकर तरंगतो. जोराच्या पावसात क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावू नका. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर टायर तरंगतोय. पाय उचला, ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीला फक्त एबीएस आहे. ईएससी बाहेरून बसवता येते का? नाहीतर सेकंडहँड घेताना काय पाहावं?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बाहेरून बसवता येत नाही. पंप, सेन्सर, वायरिंग आणि त्या मॉडेलसाठी केलेलं प्रोग्रामिंग एकत्र लागतं. चार नवे टायर हाच त्या गाडीवरचा सगळ्यात उपयोगी खर्च.

सेकंडहँड घेताना नावावरून गोंधळू नका. ईएससी, ईएसपी, व्हीएससी, व्हीएसए ही सगळी एकाच यंत्रणेची कंपनीगणिक नावं. बॉश आणि मर्सिडीझने ती १९९५ मध्ये रस्त्यावर आणली. भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत ३ किंवा जास्त तारे हवे असतील तर ती गाडीत असावीच लागते. एबीएस आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी करणारी यंत्रणा) म्हणजे ईएससी नव्हे. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला ती नसू शकते, त्यामुळे ‘या मॉडेलला असते’ यावर विसंबू नका.

गाडी पाहायला गेलात की इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा. एबीएस आणि ईएससीचे दिवे लागले पाहिजेत आणि यंत्रणेची स्वतःची तपासणी संपल्यावर किंवा इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझले पाहिजेत. विझलेच नाहीत तर बिघाड आहे. लागलेच नाहीत तर कोणीतरी दिवा काढलाय किंवा त्यावर काळी टेप लावलीय. अशी गाडी स्कॅनर लावल्याशिवाय घेऊ नका.