फोटोतली ही जुनी लाल उघडी स्पोर्ट्स कार कुठली? फेरारी आहे का?

फेरारी नाही हो, पण तसं वाटणं साहजिक आहे. तोंडाची ती लांबट अंडाकृती जाळी आणि फुगीर मडगार्ड बघून मला तरी ही डेविन वाटते. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात बिल डेविन नावाचा माणूस फायबरग्लासच्या बॉड्या बनवून विकायचा, किंमत फक्त 295 डॉलर, आणि मूळ आकार घेतलेला एर्मिनी नावाच्या छोट्या इटालियन रेसिंग कारवरून, म्हणून तर ती इटालियन ऐट दिसते. वेगवेगळ्या चासींना (गाडीच्या खालच्या सांगाड्यांना) बसतील अशा बऱ्याच मापांत मिळायच्या, मग लोक घरीच एमजी, ट्रायम्फ, फोक्सवॅगन, जे हाताशी असेल त्यावर चढवायचे. त्यामुळे दोन डेविन सहसा सारख्या नसतात, आणि बॉडीवरून खालची मूळ गाडी ओळखायला गेलात की फसलात.

चाकं बघा. तुमच्या फोटोत साधी पोलादी चाकं आहेत, गोल भोकांची, पाच बोल्टवाली, म्हणजे खाली बहुतेक एमजी टीडी (एमजी या ब्रिटिश कंपनीचं 1950 ते 53 मधलं मॉडेल) असणार. खात्री करायची तर मालकाला बॉनेट उघडायला सांगा: 1250 सीसीचं चार सिलेंडर इंजिन आणि दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे भाग) दिसले तर बरोबर. अर्थात कुणी नंतर इंजिन बदललं असेल तर काही खरं नाही (अमेरिकन लोकांना आठ सिलेंडरचं व्ही-8 इंजिन कोंबायची भारी हौस), तेव्हा चासी नंबरच बघा, टीडीचा नंबर 'टीडी' अक्षरांनीच सुरू होतो.