'पालिकी'चा 'पालक'शी संबंध नाही

प्रश्न असा : सिसिली बेटावरचे जुळे देव 'पालिकी' हे रक्षक होते, मग त्यांचं नाव संस्कृत 'पालक'वरून आलं असेल का? आणि मराठीत ते लिहायचं कसं?

नाही आलं. दोन शब्द कानाला सारखे लागले की लगेच त्यांची सोयरीक जुळवायची, हा प्रकार रोज वाचून वीट आला आहे. लिहायचं तर ग्रीकप्रमाणे 'पालिकॉय' किंवा लॅटिनप्रमाणे 'पालिकी'. 'पॅलिसी' मात्र कृपा करून नको.

कोशांत बहुधा ग्रीक नाटककार एस्किलसची व्युत्पत्ती देतात. एटना ज्वालामुखीच्या परिसरावर त्याने नाटक लिहिलं होतं. त्यातल्या कथेत झ्यूसची बायको हेरा हिच्या भीतीने थालिया ही अप्सरा भूमीच्या पोटात लपते आणि तिचे झ्यूसपासून झालेले जुळे जमिनीतून वर येतात. अंधारातून उजेडात 'पालिन', म्हणजे 'परत' आले, म्हणून पालिकॉय. पॅलिनड्रोममधला (उलटसुलट सारखाच वाचता येणारा शब्द) पालिन तो हाच, आणि आपल्या 'चक्र'शी त्याचं दूरचं नातं खरोखर आहे. पण व्युत्पत्ती म्हणून ही नाटककाराची कोटी आहे. कोशकारांनी ती निमूटपणे उतरून घ्यावी, हे मला पटत नाही. हे देव मूळचे ग्रीकांचे नव्हतेच, ते सिकेल या सिसिलीतल्या ग्रीकांपूर्वीच्या लोकांचे. इ.स.पू. पाचव्या शतकात सिकेलांचा पुढारी ड्युकेटिअस याने त्यांच्या देवस्थानाजवळ पालिके हे नगर वसवलं. सिकेल देवाचं नाव ग्रीक शब्द फोडून कसं उलगडणार?

माझा कौल 'करडा' या अर्थाच्या धातूला, म्हणजे शब्दांच्या मूळ रूपाला. ग्रीक 'पोलिओस' म्हणजे पिकलेल्या केसांचा, लॅटिन 'पॅलिडस' म्हणजे फिकट आणि संस्कृत 'पलित' म्हणजे पांढरे केस. वैद्य अकाली केस पिकण्याला 'पालित्य' म्हणतात, ते यातलंच. आता सिसिलीतल्या पालागोनिया गावाजवळचं या देवांचं तळं डोळ्यांपुढे आणा. खालून वायू उसळे, पाणी खदखदे, त्याला गंधकाचा दर्प येई. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की तिथे खोटी शपथ घेणारा आंधळा होई, आणि छळाला कंटाळून पळालेला गुलाम देवळात शिरला की त्याला माणुसकीने वागवण्याची शपथ घेतल्याखेरीज मालकाला तो परत नेता येत नसे. त्या फेसाळ, करड्या पाण्याच्या देवांना लोक 'करडे' म्हणाले असतील, हेच मला सयुक्तिक वाटतं. सिकेल भाषेचे मोजकेच कोरीव लेख उरले आहेत, तरी त्यांवरून ती इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुळातली असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा हा धातू तिच्यात असायला काहीच आडकाठी नाही.