युलिसिस वाचायच्या आधी होमर वाचू का? माझं उत्तर: नको

जेम्स जॉइसच्या युलिसिस या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात अडकलोय, आधी होमर (ओडिसी हे महाकाव्य रचणारा जुना ग्रीक कवी) आणि टीपांचं जाडजूड पुस्तक वाचून घेऊ का, आणि आवृत्ती कुठली घेऊ, असं तुम्ही विचारलंय. आधी काही वाचू नका. तिसरं जमत नसेल तर सोडा आणि चौथं उघडा, तिथे परत सकाळचे आठ वाजतात आणि ब्लूम नावाचा साधा माणूस बायकोसाठी नाश्ता करत असतो.

एवढं ठासून सांगतोय कारण यावरून माझं इथे सोलापुरात एकदा चांगलंच वाजलंय. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. रात्रपाळी असली की पुस्तक सोबत, मागांचा खडखडाट एवढा की मोठ्यांदा वाचलं तरी कुणाला ऐकू जात नाही, आणि हे पुस्तक मोठ्यांदाच वाचायचं, डोळ्याला अडतं ते कानाला कळतं. तर एका वाचन मंडळात एका निवृत्त प्राध्यापकांनी ते माझ्या हातात बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ओडिसी वाचलीय? हॅम्लेट? आयर्लंडचा इतिहास? नाही ना, मग नुसती पानं उलटणार तुम्ही.

वयाचा मान म्हणून गप्प बसलो. पण मला कळत होतं हो. त्याच वर्षी माझी आई गेली होती. कादंबरीतल्या स्टीफन नावाच्या तरुणाची आई मरताना त्याला गुडघे टेकून प्रार्थना कर म्हणते आणि तो करत नाही, हे पहिल्याच प्रकरणात येतं आणि मग दिवसभर ती त्याच्या मनातून जात नाही. तिसऱ्यात किनाऱ्यावर चालताना त्याच्या डोक्यात अ‍ॅरिस्टॉटल आणि काय काय चालतं ते मला अर्धंसुद्धा कळलं नाही, पण मधेच त्याला पॅरिसला आलेली तार आठवते, आई चाललीय, घरी ये, वडील. तिथे मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो. याला कुठली टीप लागते?

चौथ्यातली मांजर बघा. पहिल्यांदा ओरडते ते एका स्पेलिंगने, दुसऱ्यांदा त्यात एक आर वाढतो, तिसऱ्यांदा अजून एक. दूध मिळेपर्यंत तिची घाई कशी वाढत जाते ते अक्षरांतच दिसतं. सोलापूरकराला तर अर्धवट कळण्याची भीती नसावीच, शेजारी तेलुगू, समोर कन्नड, पोरं त्यातच खेळून मोठी होतात.

आणि होमरवरून आलेली प्रकरणांची नावं जॉइसने 1922 ला पॅरिसहून पुस्तक निघालं तेव्हा त्यात ठेवलीच नाहीत, अठराच्या अठरा प्रकरणं बिननावाची. लेखकानेच जे काढून टाकलं ते पाठ असल्याशिवाय पुस्तकाला हात लावू नका म्हणणारे हे कोण?

हां, पुस्तकाचं नाव मात्र त्याने युलिसिस ठेवलं, म्हणजे ओडिसीचा नायक ओडिसियसच, आणि कुठलं प्रकरण ओडिसीतल्या कशाशी जुळतं याचे तक्तेही जवळच्या लोकांना दिले होते, ते खरंय. म्हणून युद्धावरून घरी परतणारा राजा, वाट बघणारी बायको, बापाला शोधणारा मुलगा, एवढी गोष्ट माहीत असू द्या. चौदावं मलाही टीपांशिवाय जमलं नाही, जुन्या काळापासूनच्या इंग्रजी गद्याच्या शैली एकामागून एक येतात, पण तिथेसुद्धा टीपा दुसऱ्या वाचनाला. शेवटच्या, ब्लूमच्या बायकोच्या म्हणजे मॉलीच्या प्रकरणात विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच, मोठ्यांदा वाचलं की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

आवृत्ती कुठलीही चालेल, फक्त टाइप मोठा बघून घ्या.