वाचकांचे प्रश्न : चावी घरात, गाडी पार्किंगमध्ये

प्रश्न : नवी गाडी इंटरनेटला जोडलेली आहे. चालत्या गाडीचे ब्रेक कुणी लांबून निकामी करू शकतं का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : असं करून दाखवलं गेलंय. २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचं ट्रान्समिशन घरी बसून निकामी केलं. आत बसलेला पत्रकार प्रयोगाला कबूल होता, एवढंच. टचस्क्रीनच्या युकनेक्ट यंत्रणेला स्वतःचं मोबाइल कनेक्शन होतं आणि तिचा ६६६७ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडणी घेण्याचं दार, त्या नेटवर्कवर पासवर्डशिवाय उघडा पडला होता. तिथून आत शिरून त्यांनी स्क्रीन आणि गाडी यांना जोडणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअर बदललं. मग पुढचा रस्ता मोकळा, कारण गाडीतल्या कॅन वायरिंगवर (ब्रेक, इंजिन वगैरे सांभाळणारे छोटे संगणक, म्हणजे मॉड्यूल, ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांवर) संदेश नेमका कुणी पाठवला हे तपासलंच जात नाही. संदेशाचा क्रमांक ओळखीचा असला की समोरचं मॉड्यूल तो पाळतं. तरीही ब्रेक फक्त कमी वेगात बंद करता आले, आणि स्टीअरिंग फक्त रिव्हर्समध्ये वळवता आलं. कंपनीला १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला, मालकांना दुरुस्तीचे पेनड्राइव्ह पोस्टाने गेले.

यामागे तज्ज्ञांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत होती. गाडीचोराला एवढा खटाटोप परवडत नाही, म्हणून घरच्यांना सांगा की काळजी करायचीच तर पार्किंगमधल्या गाडीची करा. स्क्रीनवर अपडेट आलं की टाळू नका. गाडी उभी करून, ते पूर्ण होईपर्यंत मध्येच बंद न करता होऊ द्या. पेनड्राइव्हने करायचं असेल, तर फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून किंवा सर्व्हिस सेंटरकडून घ्या.

प्रश्न : बटण-स्टार्ट गाडी इमारतीखाली असते, चावी दाराजवळच्या खुंटीवर. चावी न चोरता गाडी नेता येते म्हणतात, ते कसं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हो, नेता येते, आणि त्यासाठी कुठलाही कोड फोडावा लागत नाही. हँडलला हात लागला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर चावीला हाक मारते. ती हाक मुद्दाम क्षीण ठेवलेली असते, मीटर-दीड मीटरच्या पुढे पोहोचत नाही. चावी मात्र जास्त पल्ल्याच्या रेडिओ लहरींवर उत्तर देते, बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. चोर दोघं असतात: एक गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर. दोघांकडची यंत्रं गाडीची हाक चावीपर्यंत पोहोचवतात. चावी खरी, तिचं उत्तरही खरं; खोटं असतं ते फक्त अंतर. एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब गेली तरी ते बंद पडत नाही. भर रस्त्यात इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं, म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. गाडी फक्त टुणटुण करत राहते.

उपाय : सिग्नल अडवणारा पाऊच घ्या आणि तो तपासूनच वापरा. चावी पाऊचमध्ये बंद करून ड्रायव्हरच्या दाराला अगदी चिकटून उभे राहा आणि हँडलचं बटण दाबा. पाऊच उलटसुलट करून तीन-चार वेळा पाहा. एकदा जरी दार उघडलं तरी पाऊच कुचकामी. घडीवर आतली धातूची जाळी तुटत जाते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही चालू शकतो, पण परीक्षा तीच. मायक्रोवेव्हमध्ये चावी ठेवू नका. कुणीतरी तो चालू करतंच. कपाटातली जादा चावी बहुतेक जण विसरतात, तीही पाऊचमध्ये हवी.

तुमच्या चावीत झोपवण्याची सोय आहे का, हेही मॅन्युअलमध्ये बघा. टोयोटाच्या अनेक स्मार्ट चाव्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी गाडीच्या हाकेला उत्तर देणं थांबवते. काही नव्या चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात.

प्रश्न : म्हणजे पाऊच घेतला की निर्धास्त? (तेच वाचक)

उत्तर : नाही. एप्रिल २०२३ मध्ये गाड्यांच्या सुरक्षेचे तज्ज्ञ केन टिंडेल यांनी लंडनमधल्या एका टोयोटा रॅव्ह४ च्या चोरीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. चोरांनी बंपर सैल करून हेडलाइटच्या कनेक्टरमधून कॅन वायर गाठली होती. ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं यंत्र तिथे जोडायचं, की ते ‘खरी चावी आहे’ असा खोटा संदेश सोडत राहतं. इथे चावीचा संबंधच येत नाही. चोरीच्या आधी मालकाला हेडलाइटची वायर उपसलेली दिसली होती. कुणाचा तरी खोडसाळपणा असावा, असंच वाटलं. तुमच्या गाडीत असं काही दिसलं तर स्कॅन करून घ्या. अपघात किंवा बॅटरीचं काम झालेलं नसताना अनेक मॉड्यूलांशी एकाच वेळी संपर्क तुटल्याचे एरर असतील, तर संशयाला जागा आहे. यावर जुनं गिअर लॉक किंवा स्टीअरिंग लॉकच कामाचं. सॉफ्टवेअरला ते उघडता येत नाही.

प्रश्न : मायलेज बघायला स्टीअरिंगखालच्या पोर्टमध्ये स्वस्त ब्लूटूथ डोंगल लावलाय. राहू द्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काढा. वापरताना लावा, उतरताना खिशात टाका. या ओबीडी, म्हणजे गाडीतले बिघाड तपासायच्या, पोर्टच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, ६ आणि १४ वर कॅनच्या दोन तारा. म्हणजे इग्निशन बंद असतानाही डोंगल जागा. अशा डोंगलांचा ब्लूटूथ पिन कोड बहुधा १२३४ किंवा ०००० असतो, काहींना तोही लागत नाही; म्हणजे जवळचा कुणीही त्यातून कॅनपर्यंत पोहोचू शकतो. शिवाय गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते, ते वेगळंच.

प्रश्न : कंपनीचं अ‍ॅप असलेली सेकंडहँड गाडी घेतोय. काय बघू? (एक वाचक, पणजी)

उत्तर : पैसे देण्याआधी जुन्या मालकाला तुमच्यासमोर त्याच्या अ‍ॅपमधून गाडी काढून टाकायला लावा. मग स्क्रीन फॅक्टरी रीसेट करा आणि डीलरकडून नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या. नाहीतर तो घरबसल्या तुमची गाडी कुठे आहे ते बघू शकतो, काही मॉडेलांत दारही उघडू शकतो. सर्व्हिस सेंटरला गाडीत किती चाव्या नोंदल्यात ते विचारा. हातात दोन आणि नोंद तीन निघाली, तर सगळ्या पुसून हातातल्या दोनच पुन्हा नोंदवून घ्या.

अ‍ॅपचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. मात्र कंपनीचा सर्व्हरच ढिला असेल तर तुमच्या पासवर्डने काही अडत नाही. २०२४ मध्ये संशोधकांनी अमेरिकेतल्या किया गाड्यांबाबत दाखवून दिलं, की डीलरांच्या वेबसाइटवरच्या चुकीमुळे केवळ नंबरप्लेटवरून गाडीचं दार उघडता येत होतं आणि इंजिनही सुरू करता येत होतं. मालकाला त्याची सूचनाही जात नव्हती. ती चूक कंपनीने दुरुस्त केली. अ‍ॅपमधून इंजिन सुरू करण्याची सोय तुम्ही वापरतच नसाल, तर ती बंद करून घेता येईल का, हे डीलरला विचारा.